मिस्साच्या रांगेत भाकर का मिळाली नाही

बडोद्यातल्या एका मराठी मेथडिस्ट (प्रोटेस्टंट पंथाच्या) आईचा प्रश्न थोडक्यात असा. धाकट्या मुलीचं लग्न कॅथलिक घरात ठरलं आहे. व्याह्यांबरोबर सगळे रविवारच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेले. भाकर घ्यायला लोक उठले तशा त्याही रांगेत गेल्या. फादरांनी हलक्या आवाजात विचारलं, "आपण कॅथलिक आहात का?" नाही म्हटल्यावर त्यांनी कपाळावर क्रुसाची खूण करून आशीर्वाद दिला आणि भाकर न देता ते पुढच्या माणसाकडे वळले. ताई विचारतात: "माझा बाप्तिस्मा झालाय, स्थिरीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करायचा विधी) झालंय, दर महिन्याला प्रभुभोजन घेते. मग मी ख्रिस्ती नाही का? ते भाकर खरोखर शरीर होते असं मानतात आणि आपण नुसती आठवण म्हणून घेतो, एवढाच फरक ना? आता लग्नात काय करायचं, आणि उद्या नातवंडं कोणत्या मेजाशी जातील?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तेच सलत राहील. तुम्ही ख्रिस्ती आहात, आणि त्या फादरांनाही याबद्दल शंका नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला मेथडिस्ट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं. उद्या तुमची मुलगी कॅथलिक व्हायचं म्हणाली, तरी तिला पुन्हा बाप्तिस्मा देणार नाहीत. तसं करायला त्यांच्याच नियमांची मनाई आहे. त्या रविवारी तुमची श्रद्धा कोणी तोलली नाही.

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा निवृत्त पाळक. स्थिरीकरणाच्या वर्गात प्रभुभोजन शिकवणं आणि दोन वेगळ्या मंडळ्यांतल्या घरांशी लग्नाआधी बसून बोलणं, हे काम मी वर्षानुवर्षं केलं. आमचं मेज, म्हणजे आमचं प्रभुभोजन, इतर मंडळ्यांच्या सभासदांना खुलं असतं, म्हणजे माझा कल कुठे आहे हे उघड आहे. तरीही कॅथलिक बाजू त्यांना स्वतःला पटेल अशी मांडणार आहे, कारण तुमची मुलगी त्या घरात जाते आहे.

तुम्ही धरून चालला आहात की वाद फक्त भाकरीचं काय होतं यावर आहे आणि कोणाला द्यायची हेही त्यावरूनच ठरतं. हे अर्धंच खरं आहे. प्रश्न दोन आहेत. भाकर आणि प्याला यांतून ख्रिस्त आपल्याला कसा भेटतो, हा एक. एका मेजाशी येणारे लोक एकमेकांचे कोण लागतात, हा दुसरा. इतिहासात भांडणं गाजली ती पहिल्यावरून. तुमचा हात रिकामा राहिला तो मुख्यतः दुसऱ्यामुळे.

याचा पुरावा ऑर्थोडॉक्स, म्हणजे पोपला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या जुन्या चर्चांच्या, लोकांकडे पाहिलं की मिळतो. बडोद्यात नोकरीनिमित्त आलेली बरीच मल्याळी कुटुंबं आहेत, त्यांच्यात कॅथलिकही आहेत आणि ऑर्थोडॉक्सही. भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, हे दोघंही मानतात. तरी ऑर्थोडॉक्स कुर्बानात, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, कॅथलिक शेजाऱ्याला सहसा भाकर मिळत नाही. सीरियन ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक यांच्यात 1984 मध्ये एक समझोता झाला, आपला धर्मगुरू मिळणं शक्य नसेल तेव्हा एकमेकांकडून घेता यावं म्हणून; पण तो अपवादच. भाकरीबद्दल इतकं एकमत असूनही मेजं वेगळी राहतात, याचं कारण दुसऱ्या प्रश्नात आहे. मेजाशी जाणं म्हणजे त्या मंडळीचा विश्वास, तिचे बिशप, तिची शिस्त या सगळ्याला मी बांधलेलो आहे असं सांगणं, अशी त्यांची धारणा आहे. कॅथलिक मिस्सात भाकर हाती घेताना माणूस "आमेन" म्हणतो. त्याच्या थोडं आधी प्रार्थनेत पोपचं आणि स्थानिक बिशपचं नाव घेतलेलं असतं. तुम्ही ती भाकर घेतली असती तर त्यांच्या दृष्टीने त्या सगळ्याला आमेन म्हटल्यासारखं झालं असतं. तुमच्या तोंडून ते वदवून घेणं फादरांना बरोबर वाटलं नाही.

प्राचीन काळापासून चालत आलेला हा विचार आहे. संत ऑगस्टीन नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना सांगत की मेजावर तुमचंच रहस्य ठेवलेलं आहे, तुम्ही जे आहात तेच तुम्ही घेता. भाकर ख्रिस्ताचं शरीर, आणि घेणारी मंडळीही ख्रिस्ताचं शरीर. मंडळी फुटलेली असताना भाकर एकत्र खाल्ली तर ते खोटं ठरेल, असं कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स म्हणतात. भाकर एकत्र खाल्ल्यानेच फुटलेलं जुळेल, असं आम्ही म्हणतो. मला माझी बाजू पटते, पण त्यांच्या बाजूत अहंकार आहे असं मला कधी वाटलं नाही. फुटीचं दुःख ते मेजाशीच सोसतात.

आता पहिला प्रश्न. शेवटच्या भोजनाचं वर्णन मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे, आणि पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात. पौलाचं पत्र इ. स. 55 च्या आसपासचं, म्हणजे या चारांत सर्वांत जुनं. योहान त्या रात्रीच्या भाकरीबद्दल काहीच सांगत नाही. तो पाय धुण्याची गोष्ट सांगतो, आणि जीवनाच्या भाकरीवरचं मोठं प्रवचन त्याने सहाव्या अध्यायात आधीच दिलेलं आहे. "हे माझे शरीर आहे" आणि "माझ्या स्मरणार्थ हे करा" ही दोन्ही वाक्यं प्रभूचीच. कोणत्या वाक्याच्या उजेडात दुसरं वाचायचं, यावरून वाटा फुटल्या.

कॅथलिक शिकवण पहिलं वाक्य जसंच्या तसं धरते. धर्मगुरूने प्रार्थनेत प्रभूचे शब्द उच्चारले की भाकरीचं सत्त्व बदलतं, रूप बदलत नाही. चव, रंग, वजन भाकरीचंच; ती मुळात जे काही आहे, ते मात्र ख्रिस्त. 1215 च्या लॅटरन परिषदेने यासाठी ट्रान्ससबस्टॅन्शिएशन ही संज्ञा वापरली आणि 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती शिकवण पक्की केली. एकदा हे मानलं की बाकीचं ओघाने येतं. उरलेली भाकर टाकून देता येत नाही, ती वेदीजवळच्या पेटीत जपून ठेवतात आणि तिच्यापाशी दिवा तेवत असतो. लोक चर्चमध्ये शिरताना त्या दिशेला गुडघा टेकतात. घेण्याआधी एक तास उपवास धरतात. मोठं पाप मनावर असेल तर आधी पापनिवेदन करतात. तुमचे व्याही हे सगळं करताना दिसतील. ती सवय नाही, भक्ती आहे.

एक गैरसमज आपल्या बाजूला फार आहे. कॅथलिक लोक दर मिस्सात ख्रिस्ताला पुन्हा बळी देतात, असं मीही लहानपणी ऐकलं होतं. त्यांची शिकवण तशी नाही. वधस्तंभावर एकदाच झालेलं बलिदान तिथे हजर होतं, त्याची पुनरावृत्ती होत नाही, असं ते म्हणतात. सोळाव्या शतकातल्या सुधारकांना, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांना, हेही मान्य नव्हतं, आणि मतभेद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण न मानलेली गोष्ट कोणाच्या माथी मारू नये.

तुम्हाला कदाचित हेही खटकलं असेल की लोकांना फक्त भाकर मिळाली, प्याला नाही. संपूर्ण ख्रिस्त एकट्या भाकरीतही आहे, अशी त्यांची धारणा. 1415 मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने सामान्य माणसाला प्याला देणं बंद केलं. त्याच परिषदेत दोषी ठरलेल्या यान हुस या बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) सुधारकाला त्याच वर्षी जाळण्यात आलं, आणि त्याचे बोहेमियातले अनुयायी पुढे प्याल्याची खूण झेंड्यावर घेऊन लढले. 1960 च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्याला पुन्हा देता येतो, पण मोठ्या गर्दीत बऱ्याच ठिकाणी भाकरच देतात.

पूर्वेकडच्या चर्चांनी मात्र सत्त्व आणि रूप अशी फोड करण्याची गरज कधी मानली नाही. पवित्र आत्म्याला बोलावणाऱ्या प्रार्थनेवर त्यांचा भर. बदल होतो, कसा होतो ते रहस्य आहे, यावर ते थांबतात. त्यांची भाकर खमिराची असते, लॅटिन कॅथलिकांची बेखमीर. पूर्व आणि पश्चिम यांच्या 1054 च्या ताटातुटीत हाही एक मुद्दा होता. आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेलं तान्हं मूलही त्याच दिवशी प्रभुभोजन घेतं.

सुधारक एकमेकांत भांडले ते इथेच. 1529 च्या ऑक्टोबरात जर्मनीत मारबुर्गच्या किल्ल्यात जर्मन सुधारक ल्यूथर आणि स्वित्झर्लंडमधला सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधरावा मुद्दा प्रभुभोजनाचा होता, आणि त्यात ख्रिस्ताचं शरीर भाकरीत देहाने असतं का, यावर सगळं अडलं. ल्यूथरने मेजावर खडूने "हे माझे शरीर आहे" हे शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते आणि तो त्यांवरून हटेना. सत्त्व बदलतं हे तो मानत नव्हता. भाकर भाकरच राहते, पण तिच्यात, तिच्यासह, तिच्याखाली ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं, अशी ल्यूथरन भूमिका आहे. झ्विंगली म्हणाला, ख्रिस्ताचं शरीर पित्याच्या उजवीकडे आहे, एकाच वेळी ते हजार चर्चांत कसं असेल? भाकर त्याच्याकडे बोट दाखवते. मंडळी आठवते आणि आपला विश्वास जाहीर करते. युरोपातल्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड (झ्विंगली आणि कॅल्विन यांच्या परंपरेतल्या) चर्चांना पुन्हा एकमेकांच्या मेजाशी बसायला 1973 उजाडावं लागलं.

पुढच्या पिढीत जिनिव्हातल्या कॅल्विन या सुधारकाने तिसरी वाट दाखवली. ख्रिस्त भाकरीत उतरत नाही, पण पवित्र आत्मा घेणाऱ्याला ख्रिस्तापर्यंत नेतो आणि तिथे त्याचं खरं पोषण होतं. हे आपल्याला समजतं त्यापेक्षा अनुभवाला जास्त येतं, असं त्याने स्वतः कबूल केलं आहे. गुजरातेतलं आयरिश प्रेस्बिटेरियन मिशन याच परंपरेतलं, आणि त्या मंडळ्या आज आमच्या चर्चमध्ये आहेत.

आता तुमचं मेज. इथे जरा थांबतो, कारण "आपण नुसती आठवण म्हणून घेतो" हे तुमचं वाक्य वाचून मला वाईट वाटलं. ती झ्विंगलीची भूमिका आहे, मेथडिस्ट शिकवण नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, पाळक होता आणि शेवटपर्यंत अँग्लिकनच राहिला. दर काही दिवसांनी तो प्रभुभोजन घेई, आणि शक्य असेल तेव्हा प्रत्येक वेळी घेणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच्या दृष्टीने हे कृपेचं साधन होतं, म्हणजे देव ज्या वाटेने खरोखर येऊन भेटतो ती वाट. ज्याचा विश्वास अजून डळमळीत आहे त्याचंही मन या मेजाशी फिरू शकतं, असं तो म्हणे. त्याने आणि भाऊ चार्ल्सने 1745 मध्ये फक्त प्रभुभोजनावरची 166 गीतं छापली. नुसत्या आठवणीवर कोणी 166 गीतं काढत नाही. वेस्लीने 1784 मध्ये अँग्लिकन कलमांतून मेथडिस्टांसाठी जी निवडली, त्यांतलं अठरावं कलम काढून वाचा. प्रभुभोजन हे आपसातल्या प्रीतीचं केवळ चिन्ह नाही, असं त्यात साफ म्हटलंय. ख्रिस्ताचं शरीर तिथे दिलं जातं, घेतलं जातं आणि खाल्लं जातं, मात्र स्वर्गीय आणि आत्मिक रीतीने, आणि ते घेण्याचं साधन विश्वास. सत्त्व बदलतं ही कल्पना तेच कलम नाकारतं.

म्हणजे व्याह्यांशी बोलताना "तुमचा ख्रिस्त भाकरीत असतो, आमच्याकडे नुसती आठवण" असं म्हणून स्वतःच्या मेजाची किंमत कमी करू नका. कठड्याशी गुडघे टेकून, मेजाखाली पडलेले चुरे वेचायलाही आम्ही योग्य नाही अशी प्रार्थना करून तुम्ही इतकी वर्षं जे घेत आलात, तिथे ख्रिस्त होता असं तुमच्याच मंडळीचं म्हणणं आहे. आठवणीची भाषा आपल्या बाकांवर कशी शिरली, तर बॅप्टिस्ट, ब्रदरेन, पेंटेकोस्टल मंडळ्यांच्या सभा आणि गीतं सगळीकडे पोहोचली, आणि आपल्या पाळकांनी, माझ्यासकट कितीतरी जणांनी, प्रभुभोजनावर प्रवचनं कमी दिली.

ज्या अँग्लिकन घरातून वेस्ली निघाला त्याची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. इंग्लंडच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकात भाकर देताना पाळक म्हणे, प्रभू येशू ख्रिस्ताचं शरीर तुझा सांभाळ करो. 1552 च्या पुस्तकात ते काढून घातलं: ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याच्या स्मरणार्थ घे आणि खा. 1559 मध्ये दोन्ही वाक्यं एकापुढे एक जोडली. काहींना यात राजकारण दिसतं, आणि ते होतंही. पण बोटचेपेपणा होता असं मला वाटत नाही. शरीर आणि स्मरण ही दोन्ही प्रभूची वाक्यं त्यामुळे एकाच श्वासात येतात. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर 1825 मध्ये बडोद्याला आले होते आणि इथल्या छावणीतल्या चर्चचं समर्पण त्यांच्या हातून झालं. मोडलेल्या भाकरीवर त्यांनी लिहिलेलं छोटं गीत इंग्रजी उपासनांत अजून म्हटलं जातं.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट एका मेजाशी आले. अमेरिकन परंपरेतल्या मेथडिस्टांनी, म्हणजे तुमच्या मंडळीने, ऐनवेळी वेगळं राहायचं ठरवलं. तरी तुम्ही आमच्याकडे आलात तर भाकर मिळते आणि आम्ही तुमच्याकडे आलो तर आम्हालाही. केरळच्या मार्थोमा चर्चशीही आमचा पूर्ण सहभाग आहे. त्यांची उपासना दिसायला पौर्वात्य आणि शिकवण सुधारलेली.

ब्रदरेनचा उल्लेख आला, तर दक्षिण गुजरातेतल्या त्यांच्या प्रीतिभोजनाबद्दल सांगायलाच हवं. वलसाड, अंकलेश्वर, व्यारा या पट्ट्यात चर्च ऑफ द ब्रदरेनचं मिशन 1890 च्या दशकात आलं. त्यांच्या परंपरेत आधी एकमेकांचे पाय धुतात, मग एकत्र जेवतात आणि त्यानंतर भाकर मोडतात. योहानाचा तेरावा अध्याय आणि पौलाचं पत्र एकाच संध्याकाळी, कृतीतून. आपल्या देशात पायाला हात कोणी कोणाच्या लावायचा हे जातीने ठरवलेलं असताना ज्यांनी एकमेकांचे पाय धुतले, त्यांना प्रभुभोजनाचं तत्त्वज्ञान वेगळं शिकवायची फारशी गरज नव्हती.

बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या याला संस्कार न म्हणता प्रभूने घालून दिलेला विधी म्हणतात. समजून-उमजून बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी. किती घट्ट पाळायचं ते मंडळीगणिक बदलतं. प्लिमथ ब्रदरेन (वरच्या ब्रदरेनपेक्षा हे वेगळे) दर रविवारी पाळकाशिवाय भाकर मोडतात आणि परगावच्या माणसाला तिथल्या सभेचं पत्र विचारतात. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट साधारण तीन महिन्यांनी, पाय धुऊन. आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), जिचं गुजरातेत जुनं काम आहे, ती भाकर आणि प्याला घेतच नाही. तिचा संस्थापक विल्यम बूथ याने 1883 मध्ये तो विधी सोडला. दारूतून नुकत्याच सुटलेल्या माणसापुढे द्राक्षारसाचा प्याला नको, ज्यावरून ख्रिस्ती लोक सतत भांडतात ते नको, आणि सगळं जेवणच प्रभूचं असावं, अशी त्याची कारणं. ते चुकीचं आहे असं मी मानतो. तरी त्यांना कमी ख्रिस्ती म्हणायला माझी जीभ वळणार नाही.

द्राक्षारसाचं कोडं गुजरातेत वेगळंच आहे. कॅथलिक नियमाप्रमाणे मिस्साला द्राक्षांचा खरा, आंबवलेला रस लागतो आणि भाकर गव्हाचीच लागते. राज्यात दारूबंदी असली तरी धार्मिक विधीसाठी परवानगीची सोय कायद्यात आहे. मेथडिस्टांनी हा प्रश्न फार आधी वेगळ्या तऱ्हेने सोडवला. थॉमस वेल्च नावाच्या अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 मध्ये द्राक्षांचा रस तापवून न आंबता टिकवला, तो प्रभुभोजनासाठीच. आपल्याकडे काळ्या मनुका उकळून काढलेला रस चालतो, तोही त्याच विचारातला.

दुसऱ्या प्रश्नाची आपली, भारतीय बाजू अजून सांगायची राहिली. एका मेजाशी कोण, हे आपल्याकडे फक्त पंथाने ठरलेलं नाही. तंजावरच्या मंडळ्यांत प्रभुभोजनालाही आधी कोण आणि नंतर कोण हे जातीवरून ठरत होतं. हेबर यांनी याकडे सबुरीने पाहिलं. त्यांच्या नंतरच्या बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये पत्र काढून ते सगळं बंद करायला सांगितलं, आणि अनेक कुटुंबं चर्च सोडून गेली. पौलाने करिंथला लिहिलं तेव्हाही नेमकं हेच झालं होतं. पैसेवाले आधी येऊन जेवत, मजूर उशिरा येत आणि उपाशी राहत. "अयोग्य प्रकारे" खाणाऱ्याला दिलेला तो कडक इशारा या पंक्तिभेदावर आहे. आपल्या घरांत मात्र तो वेगळाच लावतात. सासू-सुनेचं वाजलं, म्हणून सून महिनोन् महिने प्रभुभोजनाला येत नाही, कारण ती स्वतःला अयोग्य समजते. पौलाला तिला दूर ठेवायचं नव्हतं. त्याला पंगत सुधारायची होती.

नातवंडांचं उत्तर सरळ आहे, जरी ऐकायला जड गेलं तरी. लग्नाची परवानगी घेताना तुमचा जावई लिहून देईल की मुलांचा बाप्तिस्मा आणि शिकवण कॅथलिक चर्चमध्ये व्हावी म्हणून तो होईल तितका प्रयत्न करेल. तुमच्या मुलीला याची कल्पना दिली जाईल, तिच्याकडून वचन मागत नाहीत. हा विषय दोघांनी लग्नाआधी मोकळेपणाने बोलायला हवा, पाळण्यापाशी नव्हे. मुलं कॅथलिक वाढली तर सात-आठ वर्षांची झाल्यावर पापनिवेदन करून पहिलं कम्युनियन घेतील. तुमच्याकडे स्थिरीकरणापर्यंत थांबायची रीत असेल तर हे लवकर वाटेल. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी वय खाली आणलं, साध्या भाकरीतला आणि या भाकरीतला फरक मुलाला कळला की पुरे, असं सांगून. आणि हेही आत्ताच मनाशी धरा: जावई तुमच्याबरोबर मेथडिस्ट चर्चला येईल, गीतं म्हणेल, पण भाकर घेणार नाही. तुमचं मेज त्याला खुलं असलं तरी त्याचं चर्च त्याला परवानगी देत नाही. त्या वेळी त्याला आग्रह करू नका, आणि बाकीच्या नातेवाइकांनाही करू देऊ नका.

तुमच्या मुलीला तिथे कधीच भाकर मिळणार नाही का? सर्वसाधारण नियम तसाच आहे. मरणाचा धोका असेल किंवा बिशपच्या मते तशीच गंभीर गरज असेल, स्वतःचा पाळक मिळणं शक्य नसेल, तिने आपणहून मागितलं असेल आणि या भाकरीबद्दल कॅथलिक श्रद्धा ती मानत असेल, तर देता येते. नोव्हेंबर 2015 मध्ये रोममधल्या ल्यूथरन चर्चमध्ये कॅथलिक नवरा असलेल्या एका बाईने पोप फ्रान्सिस यांना थेट हाच प्रश्न विचारला होता. नियम बदलायचा अधिकार आपला नाही, बाप्तिस्मा एक आहे, प्रभूशी बोला आणि पुढे चला, यापलीकडे बोलायचं धाडस मी करत नाही, अशा आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. 2018 मध्ये जर्मनीच्या बहुसंख्य बिशपांनी अशा जोडप्यांसाठी वाट काढायचा प्रयत्न केला, त्यावर रोममध्ये बराच वाद झाला. इथे बडोद्यात तुम्ही जर्मनीचा दाखला देऊन फादरांना अडचणीत टाकू नका. निर्णय इथल्या बिशपांचा आहे.

राहिलं लग्न, आणि तेच सर्वांत तातडीचं. पत्रिकेत "ख्रिस्तयज्ञ" छापायला गेलं असेल तर थांबवा. त्याचा अर्थ लग्नाचा विधी पूर्ण मिस्सासह होणार, आणि मग ऐन लग्नात अर्धा मांडव रांगेत आणि अर्धा बाकावर, नवरा भाकर घेतोय आणि नवरी बघतेय. बाप्तिस्मा झालेल्या पण कॅथलिक नसलेल्या व्यक्तीशी लग्न असेल तेव्हा मिस्साशिवायचा विधी करावा, असंच कॅथलिक पुस्तकात सुचवलेलं आहे. त्यात शास्त्रवाचन, वचनं, अंगठ्या, आशीर्वाद सगळं असतं; कमी काही होत नाही. मी ज्या घरांना हे आधी सांगू शकलो त्यांच्या लग्नात कोणाचा चेहरा पडला नाही.

तुमच्या पाळकांनी त्या विधीत शास्त्र वाचावं, प्रार्थना करावी, आशीर्वाद द्यावा, अशी विनंती फादरांना करा. याला सहसा हरकत नसते. सकाळी त्यांच्या चर्चमध्ये आणि संध्याकाळी आपल्या, अशी वचनं दोनदा घेता येत नाहीत, तेव्हा तो बेत मनात असेल तर सोडा. लग्न मेथडिस्ट चर्चमध्येच व्हावं अशी मुलीची फार इच्छा असेल तर कॅथलिक बिशपांकडून तशी सूट मागता येते, पण अर्ज आधी, तारीख नंतर. हॉलची आगाऊ रक्कम भरण्याआधी मुलगा, मुलगी, फादर आणि तुमचे पाळक यांची एक बैठक घ्या. तुम्ही आणि विहीणबाई दोघीही तिला असा, आणि त्या रविवारी रांगेत काय झालं ते फादरांना तिथेच, सगळ्यांसमोर, शांतपणे सांगा.